कासारीण मावशी

लिहिण्याची सवय नसताना हे धाडस करते आहे, क्षमा असावी. नव्वदच्या दशकात इंदापूरच्या आमच्या घरी बांगड्या भरायला एक कासारीण मावशी येत. माझ्या मुलीचे हात आखडलेले होते, म्हणून कोणी आले की मी तिला आतल्या खोलीत ठेवत असे. एकदा मावशी सरळ आत गेल्या. तिची मूठ चोळून सैल करत, "दुखलं तर वरड गं," म्हणत त्यांनी बांगड्या भरल्या.

"कळंबला अशीच एक पोर हाय. तिची आय तिला गुरुवारी बारामतीला व्यायामाला न्हेती. तुमी कवा जाताय?"

मी उठून खोलीचे दार लोटून घेतले.

"लाजताय व्हय? मी येते संगं."

धंदा बुडवून त्या खरोखरच आल्या, कळंबच्या त्या आईच्या दारापर्यंत. आता कासारीण घरोघर फिरत नाही. अशा दोन घरांची गाठ आज कोण घालून देते?