पाचवा दाणा

झुंबरबाईने रांजणाच्या तळाशी मोबाइलचा उजेड पाडला. चार फूट खाली, ओल्या मातीतून, सुईएवढा पांढरा कोंब वर आला होता. त्याच्या पलीकडे दुसरा. ज्वारीचे कोंब! शेतात असते तर बाईने कौतुक केलं असतं.

दाणे तिनेच टाकले होते, दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नव्हती. यावलकडच्या गावात तिची आई धान्याच्या मातीच्या कोठ्या करायची. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, पुरुषभर उंच. तळ घातला की त्यात पाच दाणे दाबायची, चार दिशांना चार आणि पाचवा मधोमध, म्हणजे कोठी कधी रिकामी राहत नाही. झुंबरबाई हे सगळं शिकली, आणि नेमक्या घरोघर पत्र्याच्या कोठ्या आल्या. पुढची तीस वर्षं त्या हातांनी केळीचे घड वाहिले. मुलगा जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला तशी ती त्याच्यामागे आली, आणि डाळमिलच्या जुन्या गोदामात मयुरीने थाटलेल्या मातीकामाच्या स्टुडिओत झाडलोट करू लागली.

मयुरी बडोद्याला शिकून आलेली, वयाने लेकीसारखी. चाकावर तिचा हात असा चाले की बघत राहावं. पण मोठं भांडं हाताने चढवायला घेतलं की तिसऱ्या दिवशी ते हमखास खाली बसायचं. असंच एक बसलं तेव्हा झुंबरबाई केरसुणी टाकून पुढे झाली. "ताई, खालची भिताड वाळू तं द्या. लई घाई करता तुम्ही." मग जामनेर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने दारात ठेवायला चार फुटी रांजण मागितला, तेव्हा मयुरी म्हणाली, "अक्का, हा तुम्ही करायचा, सगळा. नीट निघाला तर यापुढे मोठं काम तुमचं. झाडायला दुसरी बाई बघू." बावन्नाव्या वर्षी बढती! त्या संध्याकाळी ती रिक्षात एकटीच हसत होती.

आणि वर ही करामत. आईच्या कोठीचा तळ उन्हात दोन दिवसांत वाळायचा, दाणा मुकाट मरून जायचा. इथे रांजण रोज वीतभर चढवायचा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओला ठेवायचा. ज्वारीला आणखी काय हवं? पहिल्या दिवशी ॲप्रनच्या खिशातून काढून ती एकेक दाणा दाबत होती. शेवटच्याला मयुरी आत आली, आणि बाईने चोरी पकडल्यासारखी घाईघाईने वरून माती फिरवली. तेव्हाच बोलली असती तर!

आज मयुरी धुळ्याला एका शाळेत शिकवायला गेली होती. झुंबरबाई स्टुलावर चढली. अंग टेकलं तर ओली कड बसणार, म्हणून पोट आत ओढून, बांबूला चमचा बांधून तिने तळ उकरायला घेतला. अख्खी दुपार गेली. एक निघाला, दोन, तीन, चार. खड्डे तिने नव्या मातीने भरले, फडक्याच्या बोळ्याने ठोकून बसवले. पण मधोमध कितीही उकरलं तरी पाचवा हाती लागेना. आणखी उकरावं तर तळच फाटायचा.

तीन आठवडे रांजण वाळत होता आणि बाई झुरत होती. रोज आल्याबरोबर आधी आत उजेड पाडायची. कोंब नाही म्हणजे दाणा नाही असं थोडंच? मातीत पोकळी राहिली, ओल राहिली, की भट्टीत भांडं फुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन फुटतं, हे मयुरी शिकायला येणाऱ्या पोरींना सांगायची, ते हिच्या डोक्यात घण घालायचं. सून विचारायची, "जेवत काहून नही तुम्ही?" काय सांगणार, दाणा अडकलाय म्हणून?

भट्टी भरायच्या दिवशी पोरींच्या वाट्या रांजणाभोवती मांडलेल्या पाहिल्या आणि तिला राहवेना.

"ताई, थांबा. तळात मी ज्वारीचे पाच दाने टाकले व्हते. चार काढले. एक आतच राह्यला."

मयुरीला आधी समजेचना. समजलं तशी ती लाल झाली. "तीन आठवडे झाले, अक्का! आज सांगताय?"

"मले भेव वाटलं. हातचं काम जाईन म्हनून."

मयुरीने पोरींच्या वाट्या एकेक करून बाहेर काढल्या. रांजण आत एकटाच राहिला. "दुसरा करायला वेळ नाही. हळूहळू तापवू," एवढंच ती म्हणाली. प्रत्येक वाटीबरोबर आपल्यावरचा भरवसा बाहेर निघतोय असं झुंबरबाईला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

दोन दिवस भट्टी तापली, दोन दिवस निवली. बाहेर रिक्षा खोकली तरी बाई दचकायची. दार उघडलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. "बघा तरी," मयुरी म्हणाली. रांजण उभा होता, तांबूस, अंगावर तिच्या बोटांच्या ओळी, कुठे तडा नाही. मयुरीने वाजवून पाहिला; छान घुमला. पण ती हसली नाही, आणि पुढच्या कामाचं चकार शब्दाने बोलली नाही.

टेम्पो आला. आत अंथरलेल्या गवतात रांजण उभा करून दोर आवळले. हात पुसायला झुंबरबाईने ॲप्रनच्या खिशातलं फडकं ओढलं, तशा वाळल्या मातीच्या खपल्या खाली पडल्या आणि शिवणीत अडकलेली एक गोळी बोटाला लागली. तिने ती चुरली. आत ज्वारीचा दाणा. तो तिने दाबलाच नव्हता! मयुरीला पाहून मूठ खिशात गेली होती, वरून माती तेवढी फिरली होती. ज्याच्या भीतीने तीन आठवडे अन्न गोड लागलं नाही, तो मेला तिच्याच पोटाशी बसून होता. हसावं की रडावं कळेना, रडूच आलं.

"थांब रे भाऊ!" डोळे पुसत ती टेम्पोवर चढली आणि दाणा रांजणात सोडला. भाजलेल्या तळावर तो टिणकन वाजला.

"आता काय टाकलंत?" मयुरीने खालून विचारलं.

"पाचवा. खिशातच व्हता, ताई. रिता धाडू नये म्हनून टाकला."

मयुरीने कपाळावर हात मारला. झुंबरबाई उतरली, आणि टेम्पो वळणाआड गेला.

"पुढच्या रांजणात भाजून झाल्यावर टाका," मयुरी म्हणाली. "पाचही. आणि मला सांगून."