पुकारा बाकी

मार्चअखेर, कचेरी सुटल्यावर. हजर: तहसीलदारसाहेब, मी म्हणजे नाझर, दोघे कारकून आणि हार घेऊन आलेली जमादारांची सून. गैरहजर: खुद्द जमादार.

समारंभ त्यांच्याच निरोपाचा. पण ते व्हरांड्यात, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, पट्टा-बिल्ला लावून ताठ उभे. आत का येत नाही, म्हणून मी विचारायला गेलो.

"आज मी पट्टेवाला नाही, पक्षकार हाय. पुकाऱ्याबिगर आत कसा येऊ, नाझरसाहेब?"

अमरावतीच्या आमच्या कचेरीत पुकारा करण्यातच त्यांची सारी नोकरी सरली. आधी पक्षकाराचे नाव, मग 'वल्द', मग बापाचे नाव, आणि शेवटी लांबवलेले 'हाजिर हो'. असे तीनदा. लिंबाखाली घोरणारा माणूस धोतर सावरत धावत सुटे. एकदा 'गनपत वल्द महादू' म्हणताच तीन गणपत दारात आले, आणि तिघांचे बाप महादूच. जमादारांनी तिघांना न्याहाळले. "ज्याच्या बैलानं कुंपन तोडलं तो आत जा, बाकीचे सावलीत बसा."

तर आता पुकारणाऱ्यालाच पुकारायचे होते. मी त्यांच्या बापाचे नाव विचारून घेतले आणि ओरडलो. कारकून हसले. जमादार मात्र हसले नाहीत. "पोटातून काढा साहेब. गळ्यातून अर्ज निघते, पुकारा नाही." तिसऱ्या वेळी जमला. मग ते हात जोडून आत आले आणि पट्टा उतरवून टेबलावर ठेवला.

नोकरीतून सुटणाऱ्या प्रत्येकाला मी कामांची यादी करून देतो. पेन्शनचे कागद, पट्टा जमा करणे, राहायचे गाव ठरवणे, आणि आपण आता दुपारी घरीच असणार हे घरच्यांना आधी सांगून ठेवणे. तुमच्यापैकी कोणाची पाळी जवळ आली असेल तर हे जरूर करा. जमादारांनीही यादी निमूट ऐकून घेतली होती आणि एवढेच विचारले होते, "हे सब ठीक हाय जी. पन अकरा वाजले की मी काय करू?"

आमची कचेरी अकराला उघडे. 

ते तिवशाला मुलाकडे गेले. मुलाचा भाजीचा मळा होता. त्याचे म्हणणे, बाबांनी बाजारात बसून माल पुकारावा. एवढा आवाज वाया कशाला घालवायचा? जमादारांनी साफ नकार दिला. सरकारचा पुकारा केलेल्या तोंडाने वांगी पुकारणार नाही म्हणाले, आणि त्यानंतर बोलणेच सोडले. सून काही कामाने अमरावतीला आली तेव्हा मुद्दाम कचेरीत येऊन मला भेटली. म्हणाली, "मामाजी बोलतच नाही जी. अकरा वाजले की नुसते दारात जाऊन उभे राहतात. मले भेव वाटून राहिलं."

 बाजारात नुसते सोबतीला नेऊन बसवा, म्हणालो.

पुढे हिवाळ्यात तिवशाला जाणे झाले, तेही बाजाराच्या दिवशी. लांबूनच ओळखीचा आवाज आला: "गनपत वल्द महादूऽऽ, हाजिर हो!" एक म्हातारा हातातली पिशवी टाकून, हात जोडून धावला. समोर तहसीलदार नाहीत, वांगी आहेत हे पाहून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि त्या आनंदात त्याने पिशवीभर वांगी घेतली. सून पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, एक दिवस हाच गणपत न पाहता पुढे चालला होता, तेव्हा मामाजींचे तोंड आपोआप उघडले.

मी त्यांना नकाराची आठवण करून दिली. ते म्हणाले, "वांगे कोन पुकारते साहेब? मी मानसं पुकारतो."

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत मेथीची जुडी घातली. "तुमी सुटाल तवा सांगजा. त्या दिवशी मी येतो. तुमचा पुकारा माह्याकडे लागला."

गेल्या पावसाळ्यात जमादार गेले. कचेरीत आता नवा माणूस पुकारतो, गळ्यातून.

या मार्चअखेर मी सुटतो आहे. माझी यादी मी वेळेवर केली. कागद रवाना झाले, किल्ल्या कोणाला द्यायच्या ते ठरले, घरच्यांनाही सांगून झाले. साऱ्या कामांपुढे खूण पडली आहे, एक सोडून. त्या दिवशी मी व्हरांड्यात उभा राहणार हे नक्की. पुकारायचे कोणी, ते ठरायचे आहे.