नोंद नसलेला वाचक

वसईतील पापडीलगतच्या एका आळीतील सार्वजनिक वाचनालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये निर्लेखनाचा ठराव केला. त्या ठरावाचा मसुदा चिटणीस दिवाकर चौधरी यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. निर्लेखन म्हणजे निरुपयोगी ठरलेली पुस्तके दप्तरातून कमी करून रद्दीत घालणे. कसोटी एकच ठेवली होती: गेल्या पाच वर्षांत ज्या पुस्तकाची देवघेव वहीत एकही नोंद नाही, ते काढावे. कसोटी निर्दोष होती. तिच्यात कोणाच्या आवडीनिवडीला जागा नव्हती. गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा तो नियम सभेने एकमताने मान्य केला. घरी जाताना चर्चपाशी वळल्यावर चौधरी सर अचानक सायकलवरून उतरले आणि हँडल धरून उभे राहिले. आपण काय लिहून दिले, हे त्यांना तेव्हा कळले.

चौधरींचे घराणे वसईतल्या केळीच्या वाडीवाल्यांचे. घरातला पहिला पदवीधर म्हणून दिवाकरांच्या वाट्याला जो मान आला, तो त्यांनी एखाद्या जबाबदारीसारखा वागवला. एकतीस वर्षे ते माध्यमिक शाळेत शिकवत होते. वाचन हे माणूस घडवण्यासाठी असते, अशी त्यांची श्रद्धा होती. चरित्रे वाचावीत, इतिहास वाचावा. एखादा विद्यार्थी पुस्तक परत करायला आला की ते विचारत, ‘‘वाचून काय मिळवलंस?’’ उत्तर देता न आलेली मुले पुढच्या वेळी सर नसताना येत.

या श्रद्धेला तडा गेला तो १९९४ साली. विरारला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेल्या एका बँकेतल्या गृहस्थांनी जागेअभावी आपली पुस्तके वाचनालयाला दिली. त्रेचाळीस हलक्याफुलक्या प्रेमकथा होत्या. त्यांत कोणी मरत नसे, कोणी गरीबही होत नसे. दोन शहाणी माणसे दोनशे पाने एकमेकांबद्दल चुकीचा समज करून घेत आणि शेवटी लग्न करत. पाने शाबूत आहेत का, हे पाहण्याचे काम चिटणीसांकडे होते. एका रविवारी सकाळी वाचनालय बंद असताना सर पृष्ठांक तपासत बसले. हातातल्या कादंबरीत एक तरुण भाड्याची जागा पाहायला जातो आणि घरमालकीण त्याला मुलीला पाहायला आलेले स्थळ समजते. तो विचारतो, ‘‘वरच्या मजल्यावर पाणी येतं का?’’ ती म्हणते, ‘‘आमच्यात मुलीकडच्यांना असं थेट विचारत नाहीत.’’ त्या वाक्यापाशी पृष्ठांक मोजायचे राहून गेले. स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकून सरांनी उठून खिडकी लावली.

त्यानंतर दर रविवारी वही तपासण्याच्या निमित्ताने ते येत आणि या प्रेमकथा लावलेल्या सात नंबरच्या कपाटातले एक पुस्तक पिशवीत घालून नेत. नोंद करत नसत. देवघेव वही टेबलावर उघडी असायची. रांगेतली माणसे वेळ जावा म्हणून ती चाळत आणि कोण काय वाचते यावर गावात चार शब्द बोलले जात. त्या वहीत चौधरी सरांच्या नावापुढे असले शीर्षक दिसणे त्यांना कल्पनेतही सहन होत नव्हते. वाडीतल्या पंपघरात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआड ते वाचत. पत्नी प्रेमलताबाई चहा घेऊन आल्या की पुस्तक गठ्ठ्याखाली जाई.

‘‘पेपर तपासताना हसतं का कोणी?’’ बाईंनी एकदा विचारले.

‘‘मुलं काहीही लिहितात.’’

‘‘मग एवढ्या वर्षांत शिकवलं काय तुम्ही त्यांना?’’

नऊ वर्षे हे असे चालले. त्या वाचनाने सरांना काय दिले, हे त्यांना सांगता आले नसते. आठवडाभर मुलांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला, चुकांमधूनच सुखाकडे जाणारी माणसे भेटत होती, एवढेच म्हणता येईल. पण संस्थेच्या दृष्टीने जे नोंदलेले नाही ते घडलेले नसते. सात नंबरचे कपाट कोणी उघडलेच नाही, अशी वहीची साक्ष होती, आणि ती साक्ष चौधरींनी स्वतः तयार केली होती.

ठरावानंतर तीन दिवसांनी ग्रंथपाल जयवंती यादी करत होती. सर दुपारीच आले.

‘‘सात नंबर अख्खं जातंय, सर.’’

‘‘अख्खं?’’

‘‘त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. वही तसं सांगते.’’ तिने हातातले फडके झटकले. ‘‘पण गंमत बघा. बाकीच्या कपाटांवर फडकं फिरवलं की काळं होतं. इथं होत नाही. आपले उंदीर शिकलेले दिसतात.’’

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘‘तुम्हाला काय म्हणायचंय?’’

‘‘मला काय म्हणायचंय? मी यादी करते.’’

त्या संध्याकाळी त्यांनी १९९९ ची जुनी वही घरी नेली. मार्च महिन्याच्या एका पानावर, तळाशी, दोन ओळी मोकळ्या होत्या. एक नोंद केली की एक पुस्तक रद्दीतून वाचणार होते. अशा मोकळ्या ओळी शोधल्या असत्या तर त्रेचाळीस सापडल्याही असत्या. प्रश्न नावाचा होता. स्वतःचे घालण्याची हिंमत नव्हती. जिवंत सभासदाचे घालावे, तर त्याला कोणी विचारील. त्यांच्या मनात दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका सभासदाचे नाव आले आणि पेन कागदाला टेकलेही. शाईचा ठिपका पडला. आपली लाज झाकायला आपण मेलेल्या माणसाला पुढे करतो आहोत, हे ध्यानात येताच त्यांनी वही मिटली. ठिपका मात्र राहिला, आणि पुढचे दोन दिवस तो कोणी पाहिला तर काय सांगायचे, याचाच ते विचार करत राहिले.

शनिवारी सभा भरली. अध्यक्ष दिनानाथ हे फुलांचे व्यापारी, मोकळ्या स्वभावाचे. सुमेध हा सरांचा जुना विद्यार्थी. मोकळ्या होणाऱ्या कपाटात स्पर्धा परीक्षांची पुस्तके यावीत म्हणून त्याने वर्षभर पाठपुरावा केला होता. जयवंतीने यादी वाचली. शेवटी सात नंबरची पाने आली.

‘‘हरकत?’’ दिनानाथांनी सवयीने विचारले आणि सहीसाठी कागद ओढला.

‘‘आहे,’’ सर म्हणाले. ‘‘ही वाचली गेलेली आहेत.’’

‘‘कोणी वाचली?’’

‘‘मी. नऊ वर्षं. प्रत्येक निदान दोनदा.’’

मग दिनानाथ खुर्चीत मागे रेलले. ‘‘चौधरी, तुम्ही? प्रेमाच्या? आणि मला दर दिवाळीला चरित्रं वाचायला लावता होय?’’

दोघे-तिघे हसले. सुमेध हसला नाही. ‘‘सर, नोंद का नाही?’’

‘‘केली नाही. लाज वाटत होती.’’

‘‘दहावीत माझ्या दप्तरातून असलीच एक काढलीत तुम्ही,’’ सुमेध हळू आवाजात म्हणाला. ‘‘वर्गासमोर नाव वाचून दाखवलंत. मग बाबांना बोलावलंत. बाबांनी काय केलं ते जाऊ दे. साल चौऱ्याण्णव, डिसेंबर.’’

सरांनी आठवण्याचा प्रयत्न केला. आठवले नाही. मुलाच्या मनात नऊ वर्षे राहिलेली गोष्ट शिक्षकाच्या ध्यानातही नव्हती. शिवाय डिसेंबर, म्हणजे तोवर त्यांच्या स्वतःच्या पंपघरात चार-पाच वाचून झाल्या होत्या. पुस्तक चोरून वाचल्याची जी लाज ते इतकी वर्षे जपत होते, ती या लाजेपुढे अगदीच किरकोळ होती.

‘‘मी चुकलो, सुमेध,’’ ते म्हणाले. ‘‘तेव्हा तर मी स्वतःच वाचत होतो.’’

सुमेधने मान खाली घातली. ‘‘शेवटचं प्रकरण राहिलं होतं माझं,’’ तो म्हणाला. मग अध्यक्षांकडे वळून कोरडेपणाने म्हणाला, ‘‘पण कपाट लागणारच आहे. नियम सरांनीच केलाय, त्यांच्यासाठी वाकवू नये.’’

ते रास्त होते, आणि सरांनीच प्रथम मान डोलावली. बरीच चर्चा होऊन ठरले ते असे: मागची नोंद मागाहून होणार नाही. मात्र एकतीस डिसेंबरपर्यंत जे पुस्तक रीतसर, नावानिशी नेले जाईल, ते राहील, बाकीची रद्दीत. चिटणीसपदाची किल्ली सरांनी टेबलावर ठेवली. दिनानाथ ‘राहू द्या हो’ म्हणाले, पण ती परत सरकवली नाही.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता चौधरी सर प्रथमच सभासदांच्या रांगेत उभे होते. पुढे चार माणसे, मागे तीन. शाळेतली दोन मुले होती. सभासदाला एका वेळी दोन पुस्तके मिळत. आठवड्यातून दोनदा फेरी केली तरी डिसेंबरअखेरपर्यंत वीसेक वाचणार, उरलेली तेवीस जाणार. कोणती घालवायची, हा हिशेब त्यांच्या डोक्यात सकाळपासून चालला होता आणि सुटत नव्हता.

‘‘नाव?’’ जयवंतीने विचारले.

‘‘दिवाकर चौधरी.’’

‘‘ते माहितीये. पुस्तकाचं.’’

सरांनी मागे पाहिले नाही. ‘‘तीन खोल्या आणि एक उपवर,’’ ते म्हणाले. आवाज बसला होता.

‘‘ऐकू नाही आलं.’’

त्यांनी पुन्हा सांगितले, फळ्यासमोर सांगावे तसे, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असे. एक मुलगा फिस्सकन हसला. जयवंती वहीत लिहीत होती, आणि सरांना ते शीर्षक संपता संपेनासे झाले. पाचूबंदरहून येणाऱ्या आणि सरांना मुळीच न ओळखणाऱ्या मागच्या बाई पुढे वाकून वहीत डोकावल्या.

‘‘चांगलं आहे का हो?’’

सरांनी घाम पुसला. ‘वाचून काय मिळवलंस?’ हा स्वतःचाच जुना प्रश्न त्यांना आठवला.

‘‘हसायला येतं,’’ ते म्हणाले. ‘‘गुरुवारी परत करतो. तुम्ही तोवर सात नंबरमधलं दुसरं कुठलंही न्या. आजच न्या.’’