गेवराईचं अंतर

"गेवराई किती लांब हाय, ते कोण कवा मेलंय त्यावर हाय," असं बिभीषण एकदा म्हणाला होता.

नारायणगडाच्या अलीकडच्या एका गावात तो राहायचा. कुणी गेलं की सासरी दिलेल्या लेकींना निरोप पोचवायचं काम त्याच्या घराण्याकडं होतं, निजामाच्याही आधीपासून. बाकीचे अंतर कोसात सांगत. मयत किती वेळ थांबेल, एवढंच तो बघायचा. थंडीत गेवराई जवळ यायची, उन्हाळ्यात दूर जायची.

निरोपाची रीत होती. मेल्याचं बोलायचं नाही. बरं नाही, चला, एवढंच म्हणायचं. सगळ्यांना हे ठाऊक असे, तरी ऐकणारा ते खरं मानायचा. माहेरपर्यंत पोचायचं बळ त्या खोट्यातच असावं.

वैशाखात लिंगायत वाण्याची बायको महादेवी गेली. त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. विभूती लावून तिला ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं होतं. वाणी म्हणाला, "गंगासागरला उद्याचा दिवस मावळायच्या आत आण. आईचं तोंड दिसू दे तिला. त्यापुढं थांबवायचं न्हाई."

रातभर चालून उन्हं आली तेव्हा तो गेवराईत गंगासागरच्या दारात उभा राहिला. तेवढ्यात वरून विमान घरघरत गेलं. तिचा नवरा शिवलिंग मान वर करून बघत होता.

"बघ बे बिभीषण! मुंबईहून निघालंय, जेवायच्या टायमाला हैदराबादेत. तू कवा निघालतास?"

"राती."

"आन् आता गेवराई! तुला पंख लावाय पायजेत."

"लावा मालक. पर आधी गाडी जुपा. सासूबाईला बरं न्हाई."

शिवलिंगचं हसू गेलं. तो बैलांकडं वळला. गंगासागर पडवीत आली.

"लई हाय का, काका?"

"आठवण काढत्यात तुमची."

"पोटात काई नसंल तिच्या. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं नेते करून."

"तिथं कुणी बी करंल, अक्का. निघा."

"दुसऱ्याच्या हातचं गोड लागत न्हाई तिला. तुमाला न्हाई ठाऊक." तिनं हुलगे भाजले आणि ती जात्याशी बसली.

गाडी जुपून झाली. ऊन अंगणात उतरलं. बिभीषणच्या मनात आलं, विमानातल्या माणसाला दोघी एकदम दिसल्या असतील: तिकडं ओट्यावर बसलेली, इकडं जात्यावर बसलेली, मधे नुसतं पिवळं रान. खाली चालणाऱ्याला ते रान कधी संपत नाही.

गंगासागर उठली. भाकरी-चटणी आणून तिनं त्याच्या धोतराच्या सोग्यात वरूनच टाकली.

"खा काका. तवर दळून हुतंय."

मयताचा निरोप्या त्या दारात घास खात नाही, घोटभर पाणी पीत नाही. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं खाल्लं तर ती निवांत दळत बसणार होती, आणि आई तिच्यावाचून मातीआड होणार होती. नाही खाल्लं तर ती इथंच कोसळणार होती.

त्यानं भाकरी काढून अंगणातल्या दगडावर ठेवली.

जातं थांबलं.

"काका, खाईनात कावून?"

त्यानं काठी उचलली, तिच्याकडं न बघता अंगण ओलांडलं, आणि तो गावाच्या वाटेला लागला.