सोमवारचा पेपर, मंगळवारचा पेपर

हरिहरपंतांची जुनी आंतरगळ, म्हणजे जांघेत उतरलेले आतडे, श्रावणात अडकली. पोट फुगले, ओकाऱ्या थांबेनात. पुरामुळे मुंबईची गाडी बंद, आणि ठाण्यात त्या वेळी चाकू धरणारा डॉक्टर एकच, प्रभाकर. त्याला बोलावून आणायला मी नाइलाजाने गेलो. का, ते सांगतो.

पंत माझे शेजारी. सरकारी डॉक्टरकी संपल्यावर मुंबईच्या वैद्यकीय परीक्षेचे पेपर ते घरी तपासत. माणूस नेमाचा, आणि मला त्या नेमाचाच राग येई. सोमवारी कडक उपास. संध्याकाळची पूजा होईपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. त्या दिवशी हाती आलेल्या पेपरांवर ते तुटून पडत. मंगळवारी जेवून, विडा तोंडात टाकून बसले की तेच पंत मोठे दयाळू होत. आपला पेपर सोमवारी निघू नये म्हणून मुंबईत पोरे देव पाण्यात ठेवत.

एकदा सोमवारी मांडलेल्या गुणांचा कागद सुमतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, रद्दी समजून चुलीत घातला. मंगळवारी पंतांनी तेच पेपर पुन्हा तपासले. आंतरगळ अडकली तर शेक द्यावा आणि वाट पाहावी, असे तेव्हा विद्यार्थी असलेल्या प्रभाकरने आपल्या पेपरात लिहिले होते. "हा रोगी मारणार," म्हणून सोमवारी त्याला नापास केले होते. मंगळवारी म्हणाले, "शेक तरी सुचला पोराला," आणि पास करून टाकले. फरक त्यांच्याही लक्षात आला. "नशीब त्याचं!" म्हणून माझ्यादेखत हसले. मला काही हसू आले नाही.

आता प्रभाकर त्यांच्या पोटावर हात ठेवून बसला होता.

"थांबू नकोस. चीर," पंत कण्हत म्हणाले.

"एवढी घाई कशाला, पंत? शेक देऊ. उद्यापर्यंत वाट पाहू." विटा तापवायला सांगून तो हात धुवायला परसात गेला.

सुमतीबाई खाली वाकल्या. "अहो, हे डॉक्टर नीट पास झालेले आहेत ना?"

पंतांनी माझ्याकडे पाहिले, मग सुमतीबाईंकडे.

"झालाय. मीच तपासला होता त्याचा पेपर."

ते ऐकून सुमतीबाईंना केवढा धीर आला! डोळे पुसून त्या लगबगीने विटा तापवायला गेल्या.