मळ्याचं लोकेशन
पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा वास आला, की माझी भूकच मरते. धुळ्याची माझी चुलतबहीण नवऱ्याच्या माराला कंटाळून, लहान मुलीला घेऊन यावलजवळ माझ्या मित्राच्या केळीच्या मळ्यात लपून राहत होती. नवऱ्याचा संशय माझ्यावर होताच, पण त्याला जागा सापडत नव्हती. तिचं मन रमावं म्हणून थंडीत आम्ही त्याच मळ्यात भरीत पार्टी ठेवली. वांग्यांची सालं जाळात तडतडत होती, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या ठेचल्या जात होत्या आणि मुलगी काडीने राखेत घर काढत होती. मी जाळाचा फोटो काढला. "भाऊ, मी फोटोमा नही ना?" बहिणीने विचारलं. "नाही गं, नुसती वांगी आहेत," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. पण भरीत कुणाच्या मळ्यात आहे हे मिरवल्याशिवाय आम्हा खान्देशी माणसांना घास गोड लागत नाही, म्हणून फोटो पोस्ट करताना मूर्खासारखं मी मळ्याचं लोकेशनही टाकलं. दुसऱ्या दिवशी भांडी न्यायला गेलो, तर बहीण फुटलेल्या ओठाने बांधावर बसलेली. नवरा पहाटेच जीप घेऊन आला होता आणि मुलीला उचलून घेऊन गेला होता. राखेतलं घर तसंच होतं. पोस्ट मी तिथेच उभ्या उभ्या पुसली, कशासाठी कोण जाणे. ती आजही मला फोन करते, भाऊच म्हणते. फक्त कुठे राहते ते सांगत नाही.