मेटास्टॅसिस आणि मेटास्टॅसीज

ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर माझ्यासाठी आलं होतं, पण शेजारच्या खाटेवरची बिडकीनची बाई उठून त्यावर चढायला लागली. आयाबाईनं तिला धरून बसवलं.

"मीबी उपाशीच हाय सकाळपासून," ती म्हणाली. तिनं बांगड्याही उतरवून ठेवल्या होत्या.

आम्हा दोघींच्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. माझ्या खाटेशी डॉक्टर मेटास्टॅसिस म्हणाले, तिच्या खाटेशी मेटास्टॅसीज. मी अर्थ विचारून घेतला. पहिला शब्द एका गाठीचा, दुसरा अनेक गाठींचा. माझी एक गाठ कापून काढता येणार होती, तिच्या इतक्या होत्या की काढता येणार नव्हत्या. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं, मग मीही तोंडावर सांगितलं.

"दुखणं एकच, वॉर्ड एकच, डॉक्टर एकच," ती हसून म्हणाली होती. "मग तुम्हाला नेतील अन् मला ठिवतील व्हय, आक्का?"

आयाबाईनं तिच्या हातात चहाचा कप दिला. तिनं तो तसाच धरून ठेवला. मला दारातून बाहेर नेईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

ती दिवाळीच्या आधी गेली. मी जिवंत आहे.